भिंतीवरचा ऑरविल

दर शुक्रवारी संध्याकाळी ऑरविल स्टेन्सरूड आमच्या हॉलमध्ये यायचा, टोपी खुंटीला अडकवायचा आणि हुतात्मा म्हणून लावलेल्या स्वतःच्याच फोटोखाली बसून तळलेले मासे खायचा.

फोटो चांगला खिडकीएवढा होता. सोनेरी चौकट, गालांना रंगवलेली लाली, आणि खाली पितळी पट्टीवर लिहिलेलं: ‘हॅल्वर क्वामे, मरीन. तरावा बेट, १९४३.’ हॅल्वर माझा सख्खा भाऊ. फोटो मात्र ऑरविलचा. कान बघितले की आंधळ्यालाही कळलं असतं. ऑरविलचे कान म्हणजे उघडी टाकलेली तबेल्याची दारं. आमच्या हॅल्वरचे कान डोक्याला चिकटलेले, नाक जरा वाकडं, आणि पुढच्या दोन दातांत फट. त्या फटीतून तो अशी शीळ घालायचा की शेजारच्या शेतातल्या गाई दूध द्यायच्या थांबायच्या.

गावाला हे माहीत होतं का? सगळ्या गावाला माहीत होतं. एल्व्हरम हे विस्कॉन्सिनमधलं एवढंसं गाव, दोन चर्च, एक दूधसंघ, एक गिरणी. इथे कुणाची गाय शिंकली तरी रविवारच्या प्रार्थनेत तिचं नाव येतं. पण आम्ही नॉर्वेजियन लोक. कुणाला वाईट वाटेल असं बोलायचं नाही, हा आमचा खरा धर्म. चर्चच्या पाटीवर ल्यूथरचं आपलं नाव. आमच्याकडे घराला आग लागली तरी शेजारी दार वाजवून आधी हवापाण्याबद्दल बोलेल, मग म्हणेल, “तुमच्या छपराकडे बघाल का, सवड असली तर?” केकचा शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. अर्धा घेतात. मग राहिलेल्याचा अर्धा. शेवटी ताटलीत जे उरतं ते मुंगीला परवडत नाही, पण ताटली रिकामी करण्याचं पाप कुणाच्या माथी लागत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण आमच्याकडे ती घरची मालकीण आहे.

तर हा फोटो लागला कसा, ते सांगते.

हॅल्वर एकोणीस वर्षांचा होता. मरीन व्हायला कुणी बोलावलं नव्हतं, स्वतःहून गेला. गाईंच्या शेणातून सुटका म्हणून समुद्र बघायला निघाला, आणि सरकारने त्याला समुद्र दाखवला, थेट जपान्यांच्या ताब्यातल्या तरावा बेटापर्यंत. बोटी खडकांना अडकल्या म्हणे, आणि पोरं छातीभर पाण्यातून किनाऱ्याकडे चालत निघाली. त्यानंतर हॅल्वरचं काय झालं ते कुणी बघितलं नाही. आधी तार आली, बेपत्ता. मग आली, मृत समजण्यात येत आहे. युद्ध संपल्यावर आणखी कळवलं, की शोध घेतला, मृतदेह मिळाला नाही, तरी दुःखात सहभागी आहोत. आई-बाबांच्या शेतावरून वासरू हरवलं असतं तर शेरीफने याहून बरा शोध घेतला असता. पण तिथे हजारो पोरं होती आणि बेट आमच्या कुरणापेक्षा फार मोठं नव्हतं, तेव्हा कुणाला दोष देणार?

लढाईहून परत आलेल्यांनी गावात हॉल बांधला आणि त्याला हॅल्वरचं नाव द्यायचं ठरलं. एवढ्याशा गावातून मरीन म्हणून मेलेला तो एकटाच, त्यामुळे निवडणूक बिनविरोध झाली. भिंतीवर फोटो हवा. फोटोची जबाबदारी टॉलेफसनबाईंनी घेतली. टॉलेफसनबाई म्हणजे दूधसंघाच्या अध्यक्षांची बायको, चर्चच्या महिला मंडळाची कायमची अध्यक्ष. देवालासुद्धा त्या उभं राहूनच भेटतील, आणि तो बसला असेल तर त्यालाही उठवतील.

त्या आईकडे आल्या. आई म्हणाली, “फोटो नाही सापडत.” मी तिथेच उभी होते. फोटो होता. सॅन डिएगोच्या छावणीतून हॅल्वरने पाठवलेला, निळ्या गणवेशातला, पुठ्ठ्याच्या घडीत बसवलेला. आईने तो कपाटाच्या खालच्या खणात टेबलक्लॉथच्या खाली पालथा ठेवला होता. मला वाटलं, दुःख ताजं आहे, देववत नसेल. मी गप्प बसले. मग टॉलेफसनबाईंनी शाळेच्या बेसबॉल संघाचा फोटो मिळवला आणि मिलवॉकीच्या स्टुडिओला पाठवला, मोठा करून रंग भरायला. सोबत लिहिलं, मागच्या रांगेत उजवीकडून दुसरा. आता उजवं कुणाचं, बघणाऱ्याचं की पोरांचं, हा विचार बाईंनी केला नाही, कारण आपल्याखेरीज जगात दुसरी बाजू असते हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

उद्घाटनाला सगळं गाव. बँड वाजला, पाद्रीसाहेबांनी प्रार्थना म्हटली, आणि हॉलचा प्रमुख क्लॅरेन्स बाके याने पडदा ओढला. पडद्याखालून ऑरविल निघाला. खरा ऑरविल समोर तिसऱ्या रांगेत बसला होता, हातात टोपी घेऊन. एका कानाचा पडदा फाटका म्हणून त्याला सैन्याने घेतलं नव्हतं. देवाने कान दिले तेवढे मोठे, आणि त्यातला एक ऐकायचा नाही. आधीच बिचारा लाजेने अर्धा झालेला, त्यात आता मेला.

हॉलमध्ये शांतता पसरली. मग पाद्रीसाहेब घसा खाकरून म्हणाले, “चौकट फार सुंदर आहे.”

झालं. सगळ्यांना वाट सापडली. चौकट सुंदर आहे. किती छान चौकट. मिलवॉकीची ना, वाटलंच. ओळीने सगळी माणसं पुढे येऊन चौकटीचं कौतुक करून गेली. ऑरविलही आला. म्हणाला, “चौकट झकास आहे हो, टॉलेफसनबाई.” आणि आई? आईने फोटोकडे बघितलं, ऑरविलकडे बघितलं, आणि म्हणाली, “छान आहे. असू दे.” बाबांनी तिच्याकडे वळून बघितलं, पण तेही क्वामेच. कॉफी प्यायले.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला भर सभेत ओरडायचं होतं. माझ्या आईने माझा दंड धरला. नखांच्या खुणा रविवारपर्यंत टिकल्या.

पुढची वीस-बावीस वर्षं मी त्या हॉलच्या स्वयंपाकघरात मासे तळले. लग्न केलं नाही. विचारणारे दोघे होते, पण दोघेही इतक्या आडून आडून विचारायचे की ते लग्नाबद्दल बोलताहेत हे मला त्यांची लग्नं झाल्यावर कळलं. दर शुक्रवारी पिठात बुडवलेले मासे, बटाट्याची धिरडी, कोबीची कोशिंबीर, राय ब्रेड, बिअर. आणि वाढायच्या खिडकीतून समोर दिसायचा भिंतीवरचा ऑरविल, शाळकरी, गाल लाल, आणि त्याच्याखाली खालचा ऑरविल, दर वर्षी थोडा जाड, थोडा टकला.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. क्लॅरेन्सला गाठलं.

“क्लॅरेन्स, तो माझा भाऊ नाही.”

“हो गं, थोडा वेगळा दिसतो खरा,” क्लॅरेन्स म्हणाला. आमच्याकडे ‘वेगळा’ ही शिवी आहे, तेव्हा तो बराच पुढे गेला होता. “पण सिग्ने, टॉलेफसनबाईंना काय वाटेल? एवढं केलं त्यांनी.”

“मग कधी बदलायचा?”

“त्या गेल्यावर बघू की. आता सत्तरीला आल्याच.”

त्या सत्तरीला आल्या, पंच्याहत्तरीला आल्या, ऐंशीच्या झाल्या. दर वसंतात नवी हॅट घेत. त्यांच्या मरणाची वाट बघता बघता दोन पाद्री, एक डॉक्टर आणि माझे बाबा गेले. बाई ठणठणीत. मी चर्चमध्ये त्यांच्यासाठी विशेष प्रार्थना करायचे, कशासाठी ते देवाला माहीत होतं.

हसण्यावारी नेते आहे, पण यात माझा जीव अडकला होता. हॅल्वरला कबर नव्हती. बाबांच्या शेजारी त्याच्या नावाचा दगड बसवायलाही आईने नकार दिला होता. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. गाईंना फोटोची हौस नसते. चर्चमध्ये वयात आलेल्या मुलांची दीक्षा, दृढीकरण, होतं त्या दिवशीचा एक समूहफोटो आहे, त्यात पाद्रीसाहेबांची बाही हॅल्वरच्या तोंडावर आली आहे. बेसबॉल संघाचा तो फोटो मिलवॉकीच्या स्टुडिओतून परत आलाच नाही. म्हणजे या जगात त्याचा असा एकच चेहरा उरला होता, आईच्या खणात पालथा. आणि आईला विचारलं की एकच उत्तर, “असू दे.” इकडे लोक विसरत चालले होते. नवी आलेली शिक्षिका मुलांना ‘हा हॅल्वर’ म्हणून फोटो दाखवायला आणायची, तिथपर्यंत ठीक, पण एकदा हॅल्वरच्याच वर्गातला, त्याच्याबरोबर तळ्यावर पोहलेला आर्नी मला बिअर पिता पिता म्हणाला, “तुझ्या भावाचे कान काय मोठे होते, नाही?” मी त्याच्या धिरड्यावर मीठ सांडलं. मुद्दाम. पण त्या दिवशी घरी जाऊन मी डोळे मिटले आणि हॅल्वर आठवायला लागले, तर आधी कान आले. मोठे. त्या दिवशी मला भीती वाटली. समुद्राने त्याला एकदा गिळलं होतं, आता गाव उरलेला गिळत होतं, आणि वर तोंड पुसून ‘चौकट छान आहे’ म्हणत होतं.

एकोणसत्तरच्या एप्रिलमध्ये ऑरविल मेला. गिरणीत पोतं उचलता उचलता खाली बसला तो बसलाच. हृदय. पंचेचाळीस म्हणजे काही वय नाही. एका अर्थाने त्याने फार वर्षं उशीर केला होता, पण ही चेष्टा मी मनातच केली, कारण ऑरविल भला माणूस होता. बावीस वर्षांत त्याने एकदाही टेबल बदललं नव्हतं. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, “मी उठून दुसरीकडे बसलो तर लोकांना वाटेल मला राग आलाय.”

दुसऱ्या दिवशी त्याची बायको व्हर्ना हॉलच्या स्वयंपाकघरात आली. बर्फ वितळून चर्चच्या तळघरात गुडघाभर पाणी झालं होतं, म्हणून अंत्यविधीनंतरचं जेवण हॉलमध्येच ठेवायचं होतं. व्हर्नाने हॅमच्या सँडविचबद्दल विचारलं, कॉफीबद्दल विचारलं. मग ओट्यावरून हात फिरवत राहिली.

“सिग्ने, तुला त्रास द्यायचा नाही मला.”

“बोल.”

“काही नाही गं. शवपेटीजवळ फोटो ठेवतात ना, तर आमच्याकडे त्याचा तरुणपणीचा असा एकही नाही. लग्नातसुद्धा तो फोटोला उभा राहिला नाही. म्हणायचा, एक आहे तेवढा पुरे.” तिने ओट्यावरचे पिठाचे कण गोळा केले. “चालेल म्हणा तसंही. फुलं ठेवू.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिला ऑरविल हवा होता, मला भिंत हवी होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा एल्व्हरममध्ये दोन माणसांना एकाच वेळी काहीतरी हवं होतं, आणि त्यातली एक मी होते.

“व्हर्ना,” मी म्हटलं, “तुझा नवरा तू घेऊन जा.”

ती भेदरली. “पण टॉलेफसनबाई?”

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, हा प्रश्न इतकी वर्षं अख्ख्या गावाने एकमेकांकडे ढकलला होता. मी ॲप्रन काढला आणि तशीच निघाले, अंगाला माशांचा वास, केस विस्कटलेले. टॉलेफसनबाई बैठकीत नवी हॅट बघत होत्या. ऐंशी कधीच उलटलेली, पाठ अजून फळीसारखी. मी चार बिस्किटं खाल्ली, तीनदा कॉफी नको म्हणून चौथ्यांदा घेतली, आणि एकदाचं सांगून टाकलं. हॉलमधला फोटो हॅल्वरचा नाही. ऑरविलचा आहे.

बाईंनी कप खाली ठेवला.

“मला माहीत आहे, पोरी. मिलवॉकीची पेटी उघडली तेव्हाच कळलं.”

“तेव्हाच?”

“मी काय आंधळी आहे? ते कान! मी क्लॅरेन्सला म्हणणारच होते की परत पाठवू. पण म्हटलं, आधी दुसऱ्या कुणीतरी म्हणावं. पडदा उघडला, कुणीच काही बोलेना. सगळे येऊन चौकटीची स्तुती करायला लागले. तुझी आईसुद्धा छान म्हणाली. आता एवढ्या लोकांना आवडलेली गोष्ट मी वाईट कशी म्हणू? त्यांना काय वाटलं असतं?”

एक अख्खं गाव एका बाईला दुखवायचं नाही म्हणून गप्प, आणि ती बाई अख्ख्या गावाला दुखवायचं नाही म्हणून गप्प. मधल्या मध्ये माझा भाऊ गायब. जपान्यांना जे पूर्ण जमलं नाही ते एल्व्हरमच्या सभ्यतेने करून दाखवलं. मी हे तोंडावर बोलणार होते, पण बाईंच्या मांडीवरून हॅट खाली पडली, आणि मी ती उचलून दिली. शेवटी मीही इथलीच.

त्या संध्याकाळी क्लॅरेन्सने फोटो उतरवला. भिंतीवर मागे फिकट चौकोन राहिला, आणि वर खिळा. व्हर्ना फोटो छातीशी धरून घेऊन गेली. आता फक्त आई राहिली होती. मला वाटलं, तिचं काय, ती तर आनंदाने देईल.

सकाळी आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी म्हटलं, “आई, खणातला फोटो दे. आज लावू या.”

सुरी थांबली नाही. “असू दे.”

“काय असू दे? ऑरविल गेला, टॉलेफसनबाईंची हरकत नाही, खिळा रिकामा आहे. आता कुणाला दुखवायचं राहिलंय?”

“सिग्ने, मी नको म्हटलं.”

“तुला तुझ्या मुलाचं तोंड बघवत नाही का? सगळ्या गावाला तो मोठ्या कानांचा वाटतो. आर्नीला वाटतं. मला वाटायला लागलंय, आई, मला! तू मेल्यावर मी मेले की संपलं, या जगात हॅल्वर कसा दिसायचा हे कुणाला ठाऊक नसेल.”

तेव्हा तिने सुरी ठेवली. हात पुसले. बराच वेळ पुसले.

“त्या भिंतीवर त्यांनी ऑरविलला मेला म्हणून लावला,” ती म्हणाली. “आणि ऑरविल तर खाली बसून मासे खात होता. तेव्हा मी म्हटलं, बरं झालं. या भिंतीला कोण मेलंय ते कळत नाही. म्हणजे यांना काहीच माहीत नाही.”

मला आधी अर्थच लागला नाही.

“कुणी त्याला बघितलं का सांग? एकाने तरी? कुठे वाहून गेला असेल, कुठल्या तरी बेटावर लागला असेल. डोक्याला मार लागून नाव विसरला असेल. लोकांचं होतं तसं. मी दर शुक्रवारी ऑरविलकडे बघायची. ऑरविलचे केस गेले, म्हटलं हॅल्वरचेही गेले असतील, बाबांवर गेलाय तो. ऑरविलला चष्मा लागला, म्हटलं त्यालाही लागला असेल. पोट सुटलं असेल. दोघे एकाच वर्षाचे.” तिने सालं एका बाजूला ओढली. “मी त्याला मोठा केला गं. त्याला मोठं करायला दुसरं कोण होतं?”

म्हणून ती ऑरविलच्या समोरची खुर्ची कधी सोडायची नाही. म्हणून त्याला माशाचा जास्तीचा तुकडा वाढायला मला डोळ्याने खुणावायची. मला वाटायचं, दया. मी सगळ्या गावाला वर्षानुवर्षं नावं ठेवली, भित्रे म्हणून, तोंडदेखले म्हणून, आणि ज्या एका बाईला खरंच त्या फोटोची गरज होती ती माझ्याच घरात बटाटे सोलत होती.

“आता ऑरविलही गेला,” आई म्हणाली. “पंचेचाळीसाव्या वर्षी. आता मी कुणाकडे बघू?”

मला तिची दया आली का? आली. पण त्याहून जास्त राग आला. तिला तिचा मुलगा जिवंत हवा होता, मला माझा भाऊ हवा होता, आणि दोन्ही एका खिळ्यावर मावत नव्हते. मी खालचा खण उघडला, टेबलक्लॉथ बाजूला केला, पुठ्ठ्याची घडी पिशवीत टाकली. आईने बघितलं. अडवलं नाही. कोट घातला आणि गाडीत जाऊन बसली.

अंत्यविधी नीट झाला. शवपेटीजवळ सोनेरी चौकटीत ऑरविल, लाल गाल, आणि या वेळी पहिल्यांदाच फोटो आणि मेलेला माणूस जुळले होते. पितळी पट्टीवर व्हर्नाने फुलं ठेवली होती. नंतर सगळे हॉलमध्ये आले. हॅम सँडविच, जेलीचं सॅलड, लोणच्याच्या काकड्या. सगळे एका सुरात हवामानाबद्दल बोलत होते आणि कुणीही त्या फिकट चौकोनाकडे बघत नव्हतं. एवढा मोठा चौकोन न बघायलाही कसब लागतं.

आई आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती. समोर ऑरविलचं टेबल रिकामं. तिथे कुणी बसलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले, पिशवीतून पुठ्ठा काढला आणि मांडीवर ठेवला.

“मी लावणार नाही,” मी म्हटलं. “तू नाही म्हणालीस तर परत खणात ठेवीन, आणि पुन्हा विषय काढणार नाही. पण आधी त्याच्याकडे बघ. मग नाही म्हण.”

“नको, सिग्ने.”

“एकदाच बघ, आई.”

तिने चष्मा पुसला. पुठ्ठा हातात घेतला, तसाच मिटलेला धरून ठेवला. मग उघडला.

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. पांढरी टोपी डोक्याला मोठी होत होती. गळ्याशी घट्ट कॉलर. नाक वाकडं. ओठ मिटलेले, कारण फोटोवाल्याने गंभीर राहायला सांगितलं असणार, पण हसू गालात दाबलेलं. ओठांवर मिसरूडसुद्धा नव्हतं. हनुवटीवर एक पुटकुळी.

आई बघत राहिली. तिच्या मनात टक्कल पडलेला, चष्मेवाला, पोट सुटलेला एक मोठा बाप्या होता, तो कुठल्या तरी बेटावर होता आणि घरची वाट शोधत होता. त्याला ती या फोटोत शोधत होती, हे मला तिच्या बोटावरून कळलं. ते त्याच्या कपाळावरून फिरत होतं.

“किती लहान आहे गं हा,” ती म्हणाली.



“मी एवढ्या मोठ्या माणसाची वाट बघत होते. तो कसाही आला असता. पण हा…” तिचा आवाज मोठा झाला, आणि शेजारच्या टेबलावरची बोलणी थांबली. “याला टोपीसुद्धा बसत नाही, सिग्ने. याला एकट्याला एवढ्या लांबून कसं येता आलं असतं?”

टॉलेफसनबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. आई खुर्चीचे हात धरून उठली. आमच्या गावात चारचौघांत रडणं म्हणजे कपडे काढण्यासारखं असतं, पण ती रडत होती, तोंड न झाकता, नाक न पुसता.

“क्लॅरेन्स,” ती म्हणाली, “खुर्ची घे आणि हा वर लाव.”

क्लॅरेन्स धावला. पुठ्ठ्याला दोरा नव्हता. व्हर्नाने शवपेटीवरून आणलेल्या हारातली रिबीन सोडवून दिली. त्या खिडकीएवढ्या फिकट चौकोनात हॅल्वर तळहाताएवढा दिसत होता. क्लॅरेन्स खाली उतरला तेव्हा आईने सगळ्यांकडे बघितलं आणि जे तिने तार आल्यापासून कधीच, कुणासमोर म्हटलं नव्हतं, ते म्हटलं.

“हा माझा हॅल्वर. हा मेला.”

ती होती तिथेच खाली बसायला लागली. मी तिला धरलं, आणि आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो. त्याचा चेहरा त्या भिंतीवर दिसावा म्हणून मी बावीस वर्षं भांडले होते. तो आता तिथे होता, आणि मला डोळ्यांतल्या पाण्यातून काही दिसत नव्हतं.